पासंगसाहेबांचा विश्वासाचा धडा

वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला विश्वासावर धडा द्यायला कुणी सांगू नये. एवढी साधी गोष्ट चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीत कुणाला सुचली नाही, आणि ज्यांना ती आपण होऊन सुचायला हवी होती ते पासंगसाहेब त्या संध्याकाळी भलत्याच विचारात होते. म्हणून पुढचा सगळा खटाटोप झाला.

पासंगसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पासंग म्हणजे तराजूतली ती बारीकशी खोट, जिच्यामुळे रिकामी पारडीसुद्धा एका बाजूला झुकतात. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, काट्याला हात न लावता, साहेब ती खोट सांगत. हा गुण नोकरीत उपयोगी पडला आणि बाकी सगळीकडे नडला. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांच्या दुकानातला तराजू उचलून खालून बघितला होता. तरी लग्न झालं ते बायकोच्या धीरामुळे. मंडळीतले लोक आधी पाठीमागे पासंगसाहेब म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि अकरा वर्षांपूर्वी शब्बाथशाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशाळेच्या वर्गांचे, प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा सूचनाफलकावरही तेच नाव लागलं.

नवे पाळकसाहेब वयाने लहान आणि उत्साहाने दांडगे होते. त्यांनी कमिटीपुढे विषय काढला.

"पोरांना विश्वासावर कितीही सांगा, ती मोबाईलमध्येच बघतात. मी वाचलंय, हल्ली लोक डोंगरावर नेऊन शिकवतात. दोराला बांधायचं, कड्यावरून खाली सोडायचं. पोरगं खाली पोचलं की त्याला आपोआप कळतं, की देव म्हणजे हा दोर."

"आणि तुटला म्हणजे?" निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं. पोस्टात चाळीस वर्षं काढल्याने वाटेत काय काय गहाळ होतं हे त्यांना ठाऊक होतं.

"तुटत नाही, हाच तर धडा आहे."

"पण धडा देणार कोण?" असं बँडमास्तरांनी विचारलं आणि सगळे पासंगसाहेबांकडे बघायला लागले. कारण मंडळीत दोर फक्त त्यांच्याच घरात होते.

एरवी साहेबांनी नियमावर बोट ठेवून विषय तिथेच गाडला असता. त्या दिवशी ते "हो" म्हणाले. त्याचं कारण घरी, त्यांच्या धाकटीच्या खाटेखाली होतं.

थोरली लग्न होऊन परगावी गेलेली. धाकटी पंचवीस वर्षांची, बँकेतली नोकरी सोडून मुलांना कडे चढायला शिकवणारी. सुरुवातीला साहेबांनी घरात बरंच आकांडतांडव केलं होतं; कडे चढणं हा धंदा असेल तर माकडांना पेन्शन का मिळत नाही, असा त्यांचा सवाल होता. मग सात महिन्यांपूर्वी एका लांबच्या कड्यावर तिच्याबरोबर चढणारा मुलगा पडला आणि जागच्या जागी गेला. शाळेत चित्रकला शिकवायचा, मंडळीतल्याच, दवाखान्यात नोकरी केलेल्या मेट्रनबाईंचा एकुलता एक. त्याला खाली उतरवणारा दोर धाकटीच्या हातात होता. पंचनाम्यात 'दोर निसटून' असं लिहिलं गेलं. त्या दिवसापासून दोर खाटेखाली गेले आणि ती खाटेवर. जेवायला यायची, आपलं ताट धुवायची, पुन्हा आत जायची. उपासना नाही, डोंगर नाही, मैत्रिणी नाहीत. लोक येऊन सांगत, "तुझा काय दोष गं, देवाची इच्छा." असं कुणी सांगून गेलं की ती दोन दिवस आणखी गप्प व्हायची. स्वतः साहेबांनी तिला ते इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांचं त्यांनाच ते खोट्या मापासारखं वाटायला लागलं होतं. पोरगी डोळ्यांसमोर संपत चालली होती आणि बापाला काही करता येत नव्हतं. खरं दुखणं हे होतं. विश्वासाचा धडा वगैरे नुसतं निमित्त होतं.

साहेबांचा डाव असा, की आपण दोरांशी इतका मूर्खपणा करायचा की तिला तो बघवू नये. चुकीची गाठ बघून गप्प बसेल ती आपली पोरगीच नव्हे. दुसऱ्याच दिवशी ते दोर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पुस्तकात बघून गाठी मारायला लागले. मुद्दाम चुकायचं ठरवलं होतं, पण मुद्दाम चुकायची गरज पडली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलाचा पाय बांधला, दुसऱ्या दिवशी स्वतःचं मनगट अडकवून घेतलं आणि ते सोडवायला बायकोला कात्री आणावी लागली. धाकटी दोन्ही वेळा पाण्याचा तांब्या भरून बाजूने निघून गेली. तिसऱ्या दिवशी मात्र थांबली.

"ही गाठ सुटेल, पप्पा."

तिने डाव्या हाताने गाठ सोडली, नीट मारली, दोनदा ओढून बघितली. "दोर घेऊन जा लागले तर. मी येणार नाही." आणि आत गेली.

"सात महिन्यांत एवढं सलग बोलली नव्हती," बायको म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली. साहेबांना हुरूप आला. हुरूप आलेला सरकारी माणूस कुठल्याही थराला जातो.

गावाबाहेरच्या एका चाळीस फुटी खडकाची निवड झाली. खडक वन कार्यालयाच्या हद्दीत. अर्ज घेऊन साहेब गेले, तर तिथल्या कारकुनाने तो सावकाश दोनदा वाचला.

"यात 'खडकावरून खाली उतरणे' असं लिहिलंय."

"बरोबर आहे."

"वर कसे जाणार?"

"मागून पायवाट आहे."

"पायवाट बांधकाम खात्याची. उतरायची परवानगी मी देतो. चढायची त्यांच्याकडून आणा."

"म्हणजे त्यांनी नाही दिली तर आम्ही न चढता उतरायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि प्रयोजन काय लिहू? इथे चित्रीकरण, खोदकाम, अभ्यासदौरा एवढंच आहे."

"विश्वास," साहेब म्हणाले.

कारकुनाने विचार करून 'खोदकाम' वर खूण केली आणि अनामत म्हणून एक फावडं जमा करायला सांगितलं. ज्यांच्यापुढे एरवी दुकानदार उभे राहत, ते साहेब दोन कार्यालयांच्या बाकांवर चार दिवस बसले. पाचव्या दिवशी शेजाऱ्याचं फावडं मागून आणून जमा केलं तेव्हा कागद हातात पडला.

घरी वरच्या मजल्यावरचे विमा एजंट वाट बघतच होते. "कड्यावरून पडणं आपल्या पॉलिसीत बसत नाही हं. चालताना पाय घसरला तर बसतं. तेव्हा काही झालंच तर शेवटचं पाऊल चालतच टाका." जाता जाता त्यांनी रक्तदाबाची चौकशी केली आणि चेहरा असा केला की साहेबांचा रक्तदाब तिथेच वाढला. डॉक्टरांनी तपासून, मान हलवून, रोज सकाळी गोळी घ्यायच्या अटीवर दाखला दिला.

शनिवारी कापडी फलक आला. पाळकसाहेबांनी हौसेने करून घेतलेला. साहेब घरी नव्हते, तो धाकटीने घेतला. ते परतले तेव्हा फलक नीट घडी घालून दाराशी ठेवलेला होता, आणि वरच्या घडीवर मोठ्या अक्षरांत दिसत होतं: 'देव दोर सोडत नाही.'

"पप्पा, तुमचं कापड आलंय," ती आतून म्हणाली.

आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. साहेबांना शरमेने मेल्यासारखं झालं. फाडून टाकावा असं वाटलं. पण छापून झाला होता, आणि छापून झालेली गोष्ट फाडायची सवय त्यांच्या खात्यात कुणाला नव्हती. ते फलक काखोटीला मारून चर्चमध्ये देऊन आले.

ठरल्या दिवशी सकाळी नऊ वाजता वीस पोरं, पाळकसाहेब, पोस्टमास्तर, बँडमास्तर आणि क्लबमधून बोलावलेला एक प्रशिक्षक खडकापाशी जमले. प्रशिक्षकाने वर जाऊन दोर पक्का केला, खाली येऊन दोन्ही पंचांना पट्टे बांधले आणि दोराचं दुसरं टोक पोस्टमास्तरांच्या पट्ट्यावरच्या कडीतून ओवलं.

"हा खालचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी. तुम्ही मुख्य. बँडमास्तर, तुम्ही मागे राहून दोर सैल पडू देऊ नका."

"चाळीस वर्षं रजिस्टर्ड पत्रं सांभाळलीत," पोस्टमास्तर जरा दुखावून म्हणाले.

पोरांच्या आधी मोठ्या माणसाने उतरून दाखवायचं होतं. साहेब प्रशिक्षकाबरोबर पायवाटेने वर गेले. पट्टा मांड्यांत असा आवळला होता की चालण्यातली सगळी सरकारी ऐट निघून गेली, आणि डोक्यावरचं शिरस्त्राण कानांवर आल्यामुळे पोरांचं हसणं मात्र ऐकू आलं नाही. कड्याच्या टोकाशी पाठ करून उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की धड्यासाठी पाठ केलेली बायबलमधली बावीस वचनं आपल्याला आठवत नाहीत आणि सकाळची गोळी घ्यायची राहिली आहे.

पण उतरले. एक पाय, मग दुसरा. वीस-बावीस फूट ठीक गेलं. खाली पाळकसाहेबांना राहवेना. त्यांनी कर्णा तोंडाला लावला.

"बघा मुलांनो. आपले साहेब आता कुणाच्या भरवशावर आहेत? अशा वेळी आपण काय करतो? चला, सगळे प्रार्थना करू या."

'प्रार्थना करू या' हे शब्द कानावर पडले की त्या मंडळीत माणूस जिथे असेल तिथे डोळे मिटतो आणि दोन्ही हात जोडतो. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, एकदा तर रस्ता ओलांडतानासुद्धा. पोस्टमास्तर साठ वर्षं हेच करत आले होते. त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि अत्यंत श्रद्धेने दोन्ही हात जोडले.

साहेब सरळ खाली आले.

मंडळीत बँडमास्तरांची एक जुनी बदनामी होती. प्रार्थनेत ते एक डोळा किलकिला ठेवून कोण काय करतंय बघतात, अशी तक्रार कमिटीकडे दोनदा आली होती. त्या दिवशीही ते बघतच होते. समोरून दोर सळसळत चाललेला दिसला आणि त्यांनी त्यावर सगळं अंग टाकलं. आठ-दहा फूट खाली येऊन साहेब थांबले. एका बुटाची टाच उडाली होती, कोपर फुटलं होतं, आणि ते खडकापासून वीतभर लांब, जमिनीपासून जेमतेम पुरुषदीड पुरुष उंचीवर, वाळत घातलेल्या पायजम्यागत लोंबकळत होते. खाली बँडमास्तर दोरावर पालथे पडून रडत होते. पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, आपले रिकामे हात बघितले आणि मटकन खाली बसले. वरून प्रशिक्षक ओरडला, "हलू नका, मी येतोय," पण पायवाटेने यायला त्याला पाच मिनिटं लागणार होती, आणि बँडमास्तरांच्या अंगात पाच मिनिटांचा जीव दिसत नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर स्कूटर थांबली. सकाळची गोळी टेबलावरच राहिलेली बघून आईने धाकटीला पाठवलं होतं. तिने काय झालंय ते एका नजरेत बघितलं. गोळ्यांची पट्टी खिशात कोंबली, पोस्टमास्तरांचा पट्टा काढून स्वतःला चढवला, दोर कडीत पुन्हा अडकवून ताणून धरला आणि म्हणाली, "मास्तर, आता उठा. टोक धरून मागे उभे राहा. बाकी सगळे त्या झाडापर्यंत मागे व्हा. पाळकसाहेब, तुम्हीसुद्धा. आणि तो कर्णा खाली ठेवा."

सगळे मागे सरले. साहेब वरून बघत होते. आता दोन क्षणांत आपण जमिनीवर, असं त्यांना वाटलं. पण दोर हलेना.

"सोड ना गं खाली."

"नाही सोडता येत."

"का? अडकलाय?"

"नाही. माझा हातच उघडत नाही, पप्पा."

ती वर बघत नव्हती. उजव्या हाताच्या मुठीकडे बघत होती. मग तशीच, खाली मान घालून, फार मोठ्याने नाही पण सगळं ऐकू येईल इतपत, तिने सांगितलं. "त्या दिवशी दोर निसटला नाही. मी सोडला. तो उतरताना घसरला, दोर हातातून धावायला लागला, हात भाजायला लागला, आणि मी सोडला. आणखी थोडा धरला असता तर थांबला असता की नाही, माहीत नाही. पण निसटला नाही. सोडला. तुम्ही सगळे म्हणत राहिलात देवाची इच्छा, आणि मला सांगताच येईना."

साहेबांनी त्या उजव्या हाताची पट्टी सात महिन्यांपूर्वी बघितली होती. पट्टी निघाल्यावर ती सगळं डाव्या हाताने करते हेही बघितलं होतं. गावातला एकेक तराजू उलटा करून बघणाऱ्या या माणसाने घरात मात्र एकदाही विचारलं नव्हतं, की बघू तुझा हात. देवाचं नाव पुढे केलं की विचारावं लागत नाही, म्हणून पुढे केलं होतं. अधांतरी लोंबकळताना त्यांना हे कळलं आणि रडू आलं. वर अडकलेल्या माणसाला नाकसुद्धा पुसता येत नाही.

एखादं वचन सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. वचन आलं नाही. देवाला हाक मारली, ती मनातल्या मनात, आणि ती प्रार्थना होती की नुसती घाबरगुंडी हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"आत्ता धरलायस का?" त्यांनी विचारलं.

"धरलाय."

"बरं. मग उतरव मला."

"पप्पा, मी आत्ता काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. उतरव."

मग दोर बोटभर सरकला. थांबला. पुन्हा बोटभर. प्रशिक्षक धावत येऊन पोचला तेव्हा साहेबांचे पाय जमिनीला लागत होते. ते बसले ते उठलेच नाहीत. धाकटीने मूठ उघडायचा प्रयत्न केला. शेवटी बँडमास्तरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. मंडळीतली एकही बातमी ज्यांच्या पोटात टिकत नाही, त्या बँडमास्तरांनी ही कधी कुणाला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की प्रार्थना चालू असतानाच देवाने आपल्या सेवकाला मधल्या मध्ये झेलून धरलं. बँडमास्तरांचा उल्लेख आला नाही. त्यांनी शेवटचं गीत मुद्दाम एक सूर खाली वाजवलं, असं साहेबांना बायकोकडून कळलं. कारण बापलेक त्या वेळी उपासनेला नव्हते. ते मेट्रनबाईंच्या दारात उभे होते.

मेट्रनबाईंनी दार उघडलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. धाकटीने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, खडकाखाली सांगितलं होतं तसंच, काही कमी न करता. आता या बाई तिला मारतील, असं साहेबांना वाटलं, आणि मारलं तर मधे पडायचं नाही असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मेट्रनबाईंनी हात पुढे केला. "बघू."

धाकटीने तळवा उघडला. तळव्याच्या मधून जाड, गुलाबी वण गेला होता. बाईंनी तिचं मनगट धरून हात उजेडात घेतला, दवाखान्यात बघावा तसा नीट बघितला. "कुणी बांधलं होतं हे? नीट बांधलं नाही. बोटं आखडलीत."

त्यांनी एकेक बोट हळूच सरळ करून बघितलं.

"पडताना काही म्हणाला?"

"'अगं' म्हणाला. एवढंच."

"चिडून?"

"नाही. घरातून निघाल्यावर डबा विसरल्याचं आठवावं, तसा."

मेट्रनबाईंनी दाराची चौकट धरली. "सात महिने जो येतो तो मला देवाचं सांगतो. माझ्या पोराचं कुणी सांगितलं नाही." मग मनगट सोडून त्या म्हणाल्या, "मी माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"उद्या ये. पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग, सकाळी तिथे पोचलात तिथपासून."

साहेबांनी काहीतरी बोलायला घसा साफ केला. मेट्रनबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही नको. तुम्ही खाली थांबा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मेट्रनबाईंच्या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. वर दार उघडलं, धाकटी आत गेली, दार लागलं. एका शेजाऱ्याने विचारलं, कुणाची वाट बघताय. ते म्हणाले, मुलीची. दोन तासांनी ती खाली आली, डोळे सुजलेले, आणि जिन्यातच त्यांच्या खांद्याला धरून म्हणाली, "उद्या पण बोलावलंय. पप्पा, भूक लागलीय मला."